ओरेगनची थंड हवेतली शार्डोने आणि आयरीचं लेट कुटुंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला, म्हणजे हिल्सबरो-बीव्हर्टनकडे, चिपच्या कंपन्यांमुळे मराठी घरं भरपूर आहेत आणि तिथून गाडी काढली की तासाभराच्या आत विलॅमेट व्हॅलीच्या द्राक्षबागा लागतात. त्यामुळे भारतातून कोणी आलं की एक चक्कर ठरलेली असते, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. बरेचसे आयरी व्हिनयार्ड्स या लेट कुटुंबाच्या वायनरीबद्दल असतात कारण मी सगळ्यांना तिथलीच शार्डोने पाजतो. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

शार्डोने म्हणजे नक्की काय, द्राक्ष की वाईन?

दोन्ही. हिरवट-पिवळं द्राक्ष, मूळचं फ्रान्सच्या बर्गंडीचं, आणि त्याच्या व्हाईट वाईनला पण तेच नाव. १९९९ मधे डीएनए तपासून कळलं की ही पिनो नोआ (रेड वाईनचं काळं द्राक्ष) आणि गुए ब्लाँ या दोन द्राक्षांची पोर आहे. पिनो एकदम खानदानी आणि गुए एकदम गावठी, जिला फ्रान्समधे लोक हलकी समजून उपटून टाकायचे. द्राक्ष स्वतः फार बडबडं नाही, त्याला मस्कतसारखा स्वतःचा ठणठणीत वास नसतो, त्यामुळे बाग कुठे आहे, हवा कशी आहे आणि वाईन करणाऱ्याने काय काय उद्योग केले हे सगळं त्यात दिसतं. म्हणूनच "मला शार्डोने आवडत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठली प्यायलात?

मी प्यायलेली शार्डोने लोण्यासारखी जड होती, ही पण तशीच का?

नाही. तुम्ही बहुतेक गरम भागातली, नव्या ओक लाकडाच्या बॅरलमधे मुरवलेली प्यायला असणार. १९८० आणि ९० च्या दशकात कॅलिफोर्नियात ती स्टाईल इतकी चालली की लोक कंटाळून "शार्डोने सोडून काहीही द्या" म्हणायला लागले.

आता ते लोणी येतं कुठून ते सांगतो, कारण इथे खूप गैरसमज आहेत. द्राक्षात मॅलिक ॲसिड असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच. दारू तयार झाल्यावर एक जिवाणू या मॅलिकचं लॅक्टिक ॲसिड करतो, म्हणजे दह्यातलं, आणि ते करता करता डायॲसिटिल नावाचं एक रसायन तयार होतं. लोण्याचा वास त्याचा. पण वाईन जर यीस्टच्या गाळावर तशीच राहू दिली तर ते यीस्ट डायॲसिटिल खाऊन टाकतं आणि लोणी गायब होतं, धार तेवढी मऊ होते. म्हणजे तीच प्रक्रिया होऊनही एक वाईन पॉपकॉर्नसारखी आणि दुसरी स्वच्छ लागू शकते. त्यात थंड भागातल्या द्राक्षात मुळात आंबटपणाच जास्त असल्यामुळे थोडा गेला तरी पुष्कळ उरतो. गरम भागात तो पिकतानाच उडून गेलेला असतो.

थंड हवा म्हणजे किती थंड?

बर्फातली द्राक्षं वगैरे काही नाही. विलॅमेट व्हॅली साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सेलमच्या उत्तरेला ४५ व्या अक्षांशाची पाटीच आहे. उन्हाळा कोरडा, जुलै-ऑगस्टमधे पाऊस जवळजवळ नाहीच, दिवस लांबलचक, पण संध्याकाळ झाली की डोंगरातल्या व्हॅन ड्यूझर नावाच्या खिंडीतून समुद्राचा वारा आत घुसतो आणि रात्र गार पडते. हे रात्रीचं गार पडणंच महत्त्वाचं आहे, कारण उष्ण रात्रीत वेल श्वासोच्छ्वासात ॲसिड जाळत राहते, गार रात्रीत ते फळात टिकतं. पाऊस सगळा हिवाळ्यात. आणि पाऊस म्हणजे आपला धो धो नाही, ऑक्टोबर ते मे नुसतं पिरपिर पिरपिर, नवीन आलेला माणूस पहिल्या जानेवारीतच वैतागतो.

अपवाद पण आहेत. २८ जून २०२१ ला पोर्टलंडला ४६.७ अंश होतं, चंद्रपूरवाल्यांनी पण मान हलवावी असं. घरात एसी नाही, दुकानातले फॅन संपलेले, आणि बागायतदार घडांकडे बघत बसलेले.

नाशिकमधे पण द्राक्षं होतात, मग तिथे अशी का होत नाही?

कारण आपल्याकडे वेलीला झोपच मिळत नाही. थंड देशात नोव्हेंबरनंतर पानं गळतात, वेल पूर्ण सुप्त होते, हिवाळ्यात एकदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे तोडणी. महाराष्ट्रात हिवाळा तेवढा कडक नाही म्हणून वेल सदाहरित राहायला बघते, मग आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावतो आणि माल फेब्रुवारी-मार्चकडे निघतो. म्हणजे आपलं द्राक्ष पिकायच्या शेवटी ऊन चढत जातं आणि ओरेगनचं पिकायच्या शेवटी ऊन उतरत जातं. माझ्या मते सगळा फरक या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे शार्डोने होतच नाही असं नाही हं. अकलूजला फ्रातेल्ली करतात, ते पण कुटुंबांचंच काम आहे, मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची भाऊ. पण ती फळाची, उन्हाची वाईन आहे, तिच्याकडून थंड हवेची धार मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

हे लेट कुटुंब कोण?

गोष्ट मोठी आहे, आणि मला सांगायला आवडते.

डेव्हिड लेट हा यूटाचा मुलगा. तिथे फिलॉसॉफीची डिग्री घेतली आणि पुढे डेंटिस्ट व्हायचं ठरलं होतं, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथून सहज जवळच्या नापा भागातल्या द्राक्षबागा बघायला गेला आणि दात राहिले बाजूला. डेव्हिस युनिव्हर्सिटीत द्राक्षशेती शिकला, मग युरोपात फिरून बागा बघितल्या. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं की पिनो नोआसारखं द्राक्ष अशा जागी लावावं जिथे ते जेमतेम, अगदी मोसमाच्या शेवटी शेवटी पिकतं. कॅलिफोर्नियात ते फार लवकर पिकून मऊ पडतं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की ओरेगनला जाऊ नकोस, तिथे थंडी आणि पाऊस आहे, सगळं कुजेल.

गेला. १९६५ च्या फेब्रुवारीत, वय २५, सोबत ३,००० काड्या. कॉरव्हॅलिसजवळ नर्सरी केली, काड्यांना मुळं फुटली, तोपर्यंत हा जमीन शोधत हिंडतोय आणि पोटासाठी कॉलेजची पाठ्यपुस्तकं विकतोय. मग डायनाशी लग्न झालं आणि १९६६ मधे दोघांनी मिळून डंडी टेकड्यांवर आलुबुखारच्या जुन्या बागेच्या जागी वेली लावल्या, हनिमून म्हणजे तीच लावणी. त्या टेकड्यांवर त्याआधी वाईनचं द्राक्ष कोणी लावलेलंच नव्हतं. बागेच्या वरच्या अंगाला फरच्या झाडांवर लाल शेपटीच्या ससाण्यांचं (रेड-टेल्ड हॉक) घरटं होतं म्हणून नाव आयरी, म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं.

पहिली वाईन १९७० ची. वायनरी कुठे, तर मॅकमिनव्हिल गावात, पूर्वी जिथे टर्की कोंबड्या साफ करून पॅक व्हायच्या त्या जुन्या इमारतीत. अजून तिथेच आहे. संगमरवर, कारंजी वगैरे बघायला जाणार असाल तर निराश व्हाल.

२००५ पासून मुलगा जेसन वाईन करतो, डेव्हिड २००८ मधे गेले.

ते प्रसिद्ध कशाने झाले? शार्डोनेने?

नाही, पिनो नोआने. १९७९ मधे पॅरिसला गो-मियो मासिकाने जगभरच्या वाईन्सची स्पर्धा भरवली आणि आयरीची १९७५ ची साऊथ ब्लॉक पिनो पहिल्या दहात आली. बर्गंडीचे नावाजलेले वाईनवाले रोबेर द्रुआँ, त्यांना ते पटेना, त्यांनी १९८० मधे बर्गंडीतल्याच बोन गावी परत चाखणी घेतली, आपल्या तळघरातल्या उत्तम बाटल्या काढल्या, आणि तरी आयरी दुसरी आली, पहिल्या नंबरच्या द्रुआँच्या स्वतःच्या १९५९ च्या वाईनपेक्षा फक्त ०.२ गुणांनी मागे. यावर त्यांनी काय करावं, तर १९८७ मधे सरळ डंडी टेकड्यांवर जमीन घेतली आणि पुढे मुलीला, व्हेरोनिकला, तिथे वाईन करायला बसवलं. हरल्यावर चिडण्यापेक्षा शेजारी येऊन राहणं मला फार आवडलं.

शार्डोने त्या सगळ्यात मागे राहिली. अजूनही ओरेगन म्हटलं की लोक पिनोच म्हणतात.

मग तुम्ही शार्डोनेच्या एवढे मागे का?

कारण तिची गोष्ट जास्त हट्टाची आहे.

ओरेगनमधे सुरुवातीला बहुतेकांनी शार्डोनेचा जो क्लोन (म्हणजे एकाच वेलीच्या काड्यांपासून वाढवलेला उपप्रकार) लावला तो डेव्हिसचा १०८ नंबर, कॅलिफोर्नियाच्या लांब, उबदार मोसमासाठी निवडलेला, भरपूर माल देणारा. इकडे तो वेळेत पिकेचना. पिनो तोडून झाली, पाऊस सुरू झाला, तरी शार्डोने हिरवीच. वाईन पातळ, आंबटढाण. डेव्हिड ॲडल्सहाइम म्हणून इथलेच एक जुने बागायतदार, ते १९७४ मधे बोनच्या द्राक्षशेती शाळेत काम करत होते, तिथे त्यांनी बघितलं की बर्गंडीत शार्डोने आणि पिनो बरोबरच पिकतात. मग खटपट झाली, ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीमार्फत फ्रान्सहून तथाकथित दिजाँ क्लोन आले, ७५, ७६, ९५, ९६ असे नंबर आहेत त्यांना. पण ते बागेत पोचेपर्यंत बराच काळ गेला आणि तोवर कितीतरी लोकांनी शार्डोने उपटून पिनो ग्री हे व्हाईट वाईनचं दुसरं द्राक्ष लावलं होतं, कारण ते लवकर पिकतं, लवकर बाटलीत जातं, लवकर पैसे देतं. (अमेरिकेत पिनो ग्रीची वाईन विकायला म्हणून पहिल्यांदा लागवड केली ती पण डेव्हिड लेटनीच, म्हणजे गंमत बघा.)

लेटांनी मात्र आपल्या जुन्या शार्डोनेच्या वेली उपटल्या नाहीत. त्यांच्या काड्या १०८ च्या नव्हत्याच, कॅलिफोर्नियातल्या ड्रेपर नावाच्या जुन्या बागेतून निवडून आणलेल्या होत्या. माल कमी, घड लहान. सगळीकडे "ओरेगनला शार्डोने जमत नाही" चाललेलं असताना हे दर वर्षी थोडी थोडी करत राहिले. आता सगळ्यांना ओरेगनची शार्डोने म्हणजे नवीन शोध वाटतो. क्लोन बदलल्याने फायदा झाला हे खरंच आहे, नाही असं मी म्हणत नाही, पण फक्त क्लोन बदलला म्हणून सुधारली ही जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे, नाहीतर त्या जुन्या वेलींची वाईन इतकी सुंदर लागलीच नसती.

बागेत वेगळं काय करतात? सेंद्रिय आहे का?

कीटकनाशकं आणि तणनाशकं नाहीत. नांगरत नाहीत, ओळींमधे गवत तसंच. आणि आपल्या बागायतदारांना धक्का बसेल अशी गोष्ट म्हणजे ड्रीप नाही. अजिबात पाणी देत नाहीत. हिवाळ्यात पडलेला पाऊस माती धरून ठेवते त्यावर वेल उन्हाळा काढते.

माती जोरी नावाची, बसाल्ट झिजून झालेली, आपल्या जांभ्याच्या मातीसारखी लालभडक. ओली असताना बागेत गेलात तर बुटाचा तळ दुप्पट जाड होतो, गाडीत बसायच्या आधी काडीने खरवडा, नाहीतर कार्पेट गेलं. खोऱ्यातल्या सपाट जमिनीवर हिमयुगाच्या शेवटी आलेल्या प्रचंड मिझुला पुरांचा गाळ आहे, तिथे बाकीची शेती चालते. चांगल्या बागा त्याच्या वर, टेकडीच्या उतारावर.

"स्वतःच्या मुळांवरची वेल" म्हणजे काय? वेल दुसऱ्या कोणाच्या मुळांवर असते का?

जवळजवळ नेहमीच. आपल्याकडे डॉगरीजच्या खुंटावर कलम करतात ना, तसंच जगभर अमेरिकन खुंटावर कलम असतं, फक्त कारण वेगळं. आपल्याकडे मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार, तिकडे फायलोक्सेरा. ही मुळांतला रस शोषणारी बारीक कीड, एकोणिसाव्या शतकात तिने फ्रान्सच्या बागा बसवल्या. युरोपीय वेलीच्या मुळांना ती झेपत नाही, अमेरिकन जंगली वेलींना झेपते.

डेव्हिड लेटनी १९६५-६६ मधे काड्या तशाच जमिनीत लावल्या, कलम नाही. तेव्हा इथे ही कीड नव्हती. १९९० मधे ओरेगनमधे सापडली आणि तेव्हापासून जुन्या बागांवर टांगती तलवार आहे. बहुतेकांनी कलमी रोपं लावून टाकली. आयरीच्या मूळ वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, न नांगरण्यामागे हे पण एक कारण आहे, कारण अवजारांच्या मातीतून कीड इकडची तिकडे जाते. कायम टिकतील असं कोणी म्हणत नाही.

बॅरलमधे मुरवतात ना? मग ओकचा वास येतो?

मुरवतात, पण बहुतेक जुन्या बॅरलमधे. नवीन ओक व्हॅनिला, टोस्ट असे वास देतं, चार-पाच वेळा वापरलेल्या बॅरलमधून वास फारसा येत नाही, फक्त लाकडातून किंचित हवा आत जात राहते आणि वाईन हळूहळू शांत होते. लेटांच्या घरात नव्या लाकडाचं वेड कधी नव्हतंच.

लागते कशी ते सांगा ना, सरळ भाषेत.

फ्रीजमधून काढल्या काढल्या फक्त लिंबू आणि थोडी हिरवट नासपती, बाकी काही कळत नाही. घाई करू नका. ग्लासमधे दहा-पंधरा मिनिटं गेली की पिकलेलं सफरचंद, मग हेझलनटसारखा भाजका खमंगपणा येतो (हेझलनट इथलंच पीक आहे, अमेरिकेतले जवळजवळ सगळे ओरेगनचे). घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं आणि ते बराच वेळ सुटत राहतं. मधला भाग मऊ, पण शेवट खारट-आंबट. गोड अजिबात नाही.

पहिल्यांदा पिणाऱ्याला ती "आंबट" वाटते. माझ्या आईला पण वाटली, तिने तोंड वाकडं करून ग्लास बाजूला ठेवला आणि जेवताना मात्र मुकाट्याने संपवला. हा आंबटपणाच या वाईनचा कणा आहे, त्याच्यासाठीच एवढी थंडी सोसायची आणि पाऊस यायच्या आत पिकेल की नाही याची दर सप्टेंबरला धास्ती घ्यायची. तो नको असेल तर गरम भागातली स्वस्त आणि छान शार्डोने खूप मिळते, ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

किती थंड करायची? बर्फ घातला तर?

बर्फ नको. दहा ते तेरा अंश. म्हणजे फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवायची. पुण्या-मुंबईत मे महिन्यात पाचच मिनिटं पुरतील.

मराठी जेवणाबरोबर काय चालेल?

वरण-भात, तूप, लिंबू. हसू नका. तुपाचा स्निग्धपणा आणि लिंबाची धार वाईनमधे पण आहे, आणि साध्या वरणाला तिखट नसल्यामुळे वाईनचा बारीक खमंगपणा मरत नाही. मी लोकांना पैजेवर खायला घालतो.

त्यानंतर पापलेट, सुरमई, रवा लावून तळलेली, पण मसाला बेताचा. ओल्या नारळाच्या रसातली कोळंबी उत्तम. वालाचं बिरडं छान जातं. इथला खेकडा, डन्जनेस नावाचा, हिवाळ्यात येतो, तो नुसता उकडून बटरमधे बुडवून खाल्ला तर या वाईनचं खरं लग्न तेच. तोच खेकडा मालवणी वाटणात केला तर मात्र वाईन बाजूला ठेवा, तिखटाने दारूची आग वाढते आणि वाईन कडू लागते, दोघांचं नुकसान. तांबड्या रश्श्याला बियर बरी.

गोडाबरोबर नको. पुरणपोळीचा घास घेऊन वर घोट घेतला तर वाईन नुसती लिंबूपाणी लागेल.

शाकाहारी आहे का? आमच्याकडे कडक आहे.

चांगला प्रश्न आणि दुकानात कोणी सांगत नाही. वाईन स्वच्छ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरतात, आणि व्हाईटमधे तर माती पण वापरतात, बेंटोनाईट, ती शाकाहारीच. वापरलेली वस्तू गाळाबरोबर खाली बसते, पण कडक पाळणाऱ्याला ते चालत नाही हे मला माहितीये. बाटलीवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे टेस्टिंग रूममधे त्या वर्षाच्या वाईनबद्दल सरळ विचारा. लहान वायनरीत उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा ती वाईन स्वतः हाताळलेला असतो.

डायबेटिस आहे, साखर किती?

कोरडी वाईन आहे म्हणजे साखर फारच थोडी उरलेली असते. पण दारू ती दारू, कॅलरी आहेतच आणि औषधांशी तिचं जमत नाही. डॉक्टरला विचारा, मला नको.

कुठल्या वर्षाची घ्यावी?

थंड भागात वर्षावर्षांत खरंच फरक पडतो. उबदार वर्षाची लवकर प्या, गार वर्षाची ठेवून द्या.

२०२० लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे वणवे पेटले, आकाश नारिंगी, आठवडाभर घराबाहेर पडता येत नव्हतं. धुराची द्रव्यं द्राक्षाच्या सालीत बसतात, आणि रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून पिनोचे हाल झाले, कित्येकांनी त्या वर्षी पिनो केलीच नाही. व्हाईटमधे रस लगेच पिळून साल वेगळी करतात त्यामुळे शार्डोने बऱ्यापैकी सुटली.

आणि २०२२, ११ एप्रिलला पोर्टलंडमधे चक्क बर्फ पडला. शार्डोनेचे डोळे लवकर फुटतात, त्यामुळे कोवळी फूट सापडली त्यात, लोक म्हणाले वर्ष गेलं. पण वेलीच्या डोळ्यात मुख्य कोंबाच्या बाजूला राखीव कोंब असतो, तो फुटला, पुढे ऑक्टोबरपर्यंत कोरडं आणि उबदार राहिलं आणि माल अपेक्षेपेक्षा चांगला आला.

किती वर्षं ठेवता येते? व्हाईट तर लगेच प्यायची असते ना?

बहुतेक व्हाईट, हो. ही नाही. आयरीची जुन्या वेलींची शार्डोने दहा वर्षं आरामात जाते, त्याहून जुन्या पण छान निघतात. त्यांच्याकडे सुरुवातीपासूनच्या बाटल्यांचा साठा आहे, जेसननी तो एकेक उघडून, चाखून, चांगल्या निघालेल्यांना नवीन बूच लावून परत ठेवला. जुन्या शार्डोनेचा रंग सोनेरी होतो, मध आणि सुक्या मेव्याकडे झुकते, पण आंबटपणा तसाच असतो म्हणून म्हातारी वाटत नाही.

घरी ठेवायची असेल तर अंधारी, गार, न हलणारी जागा पाहिजे. भारतात कपाटात ठेवून दहा वर्षांनी उघडीन म्हणाल तर विसरा. वाईन कूलर नसेल तर आणल्यापासून दोन-तीन महिन्यांत पिऊन टाका.

भारतात मिळते का? घेऊन जाता येईल?

भारतात आयरी माझ्या पाहण्यात कुठे आली नाही. थंड हवेतली शार्डोने चाखायची असेल तर मुंबईच्या मोठ्या दुकानांत, हॉटेलांत फ्रान्सची शाब्ली मिळते, ती पण शंभर टक्के शार्डोनेच. आयात शुल्कामुळे किंमत बघून घाम फुटेल.

घेऊन जायला माणशी २ लिटर दारू ड्युटी-फ्री चालते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. चेक-इन बॅगेत, जाड जीन्समधे गुंडाळून, मधोमध. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ लागतं, ओरेगनमधे पण २१च.

लेबलवर "विलॅमेट व्हॅली" लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवायचा का?

ओरेगनचे नियम अमेरिकेच्या केंद्रीय नियमांपेक्षा कडक आहेत, म्हणून बऱ्यापैकी हो. शार्डोने लिहिलं तर किमान ९० टक्के शार्डोने पाहिजे, आणि व्हॅलीचं नाव लिहिलं तर किमान ९५ टक्के द्राक्ष तिथलंच. केंद्रीय नियमात हेच ७५ आणि ८५ आहे.

आई-बाबांना घेऊन गेलो तर चालेल? ते पीत नाहीत.

चालेल की. आधी बुकिंग करा, टेस्टिंगला पैसे पडतात, बाटल्या घेतल्या तर काही ठिकाणी माफ करतात. न पिणाऱ्याने नुसतं बसलं तरी कोणी काही म्हणत नाही. ओतलेलं सगळं संपवायचं नसतं, समोर भांडं ठेवलेलं असतं त्यात ओतून द्या, तो अपमान नाही. आपल्या लोकांना अन्न टाकल्यासारखं वाटतं आणि मग चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत सगळे डुलत असतात. गाडी चालवणाऱ्याने आधीच ठरवून टाका.

आयरीची टेस्टिंग रूम मॅकमिनव्हिल गावात आहे, बागेत नाही, त्यामुळे फोटोसाठी वेली पाहिजे असतील तर डंडीच्या रस्त्याला दुसरीकडे कुठेतरी थांबा.

फक्त आयरीच? बाकी कुटुंबं नाहीत का?

आहेत, पण कमी होत चाललीत. अराथ २००६ मधे मोठ्या कंपनीकडे गेली, पाँझी कुटुंबाने २०२१ मधे आपली वायनरी शॅम्पेनवाल्या बोलँजे समूहाला विकली. वाईट झालं असं नाही, वाईन अजून चांगलीच आहे, आणि पहिल्या पिढीने पन्नास वर्षं चिखल तुडवल्यावर पुढच्यांनी काय करायचं हे आपण बाहेरून सांगू नये. द्रुआँची डंडीतली शार्डोने जरूर प्या, जरा जास्त गुळगुळीत असते, आयरी आवडली नाही तर ती नक्की आवडेल.

पहिल्यांदा घेताना नेमकी कुठली बाटली?

साधी इस्टेट (म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची) शार्डोने. मूळ वेलींची महागडी बाटली पहिल्याच दिवशी उघडू नका, ती बरोबर काय खाता आणि किती थांबता यावर फार अवलंबून असते आणि मग "एवढे पैसे घालून हेच का" असं होतं. साधी बाटली दोनदा-तीनदा वेगवेगळ्या जेवणाबरोबर प्या, मग वरची.

उरली तर किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रीजमधे तीन-चार दिवस. दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त चांगली लागते, त्यामुळे दोघांत एक बाटली संपवायचीच असा आग्रह धरू नका. चौथ्या दिवसानंतर शिंपल्यांच्या रश्श्यात घाला, लसूण आणि मिरी बरोबर, झाकण ठेवून पाच मिनिटं.